वंशावळीचे जतन : वर्तकनगरातील स्थलांतरित कुटुंबांच्या संदर्भात

ठाणे शहरातील वर्तकनगर हा परिसर प्रामुख्याने म्हाडाच्या वसाहतीमुळे परिचित आहे. ठाण्यातील कारखान्यांत, गिरण्यांत आणि शासकीय सेवेत रुजू झालेल्या, कोकणातून व घाटावरून आलेल्या अनेक कुटुंबांनी येथील लहान खोल्यांत संसार थाटले. त्यांची तिसरी पिढी आज महाविद्यालयांत शिकत आहे. या पिढीला आपल्या पणजोबांचे नाव सांगण्याची वेळ प्रथम येते ती बहुधा जात प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी. अर्जासोबत वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि तोवर घरात कोणी न लिहिलेली वंशावळ चार दिवसांत लिहून काढावी लागते. या निमित्ताने कौटुंबिक वारशाच्या नोंदी आपल्याकडे कोठे व कशा टिकल्या आणि त्यांतून काय निसटले, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वजांची स्मृती जपण्याची रीत प्रत्येक समाजात निराळी असते. मादागास्करच्या मध्यवर्ती पठारावरील मेरिना व बेत्सिलेओ समाजांत कुळाचे थडगे हा कुटुंबाचा केंद्रबिंदू मानला जातो. काही वर्षांच्या अंतराने पूर्वजांचे अवशेष बाहेर काढून नव्या वस्त्रांत गुंडाळण्याचा ‘फामादिहाना’ हा सोहळा तेथे होतो. कोणाला कोणत्या थडग्यात जागा मिळणार, यावर तो कोणत्या कुळाचा हे ठरते. दहनाची चाल असलेल्या आपल्याकडील बहुसंख्य समाजांत पूर्वजांचे असे स्थळ उरत नाही. मागे राहते ते नाव. आणि नाव टिकण्यासाठी एक तर कोणाचे तोंड लागते किंवा कोणाची वही.

या वह्यांची परंपरा जुनी आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत यात्रेकरूचे मूळ गाव, आडनाव, वडील, आजोबा, भाऊ व मुले यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. दक्षिण महाराष्ट्रात व लगतच्या कर्नाटकात हेळवी हे काम करीत. बैलावरून वा गाडीतून गावोगाव फिरून ते यजमान कुटुंबाची वंशावळ वाचून दाखवीत, नव्या जन्मांची भर घालीत आणि धान्य वा बिदागी घेऊन पुढच्या गावी जात. उत्तर कोकणापुरते बोलायचे तर वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर येथील कुळांच्या नोंदींसाठी आजही चाळली जाते. छापील कुलवृत्तांतांची प्रथा मात्र विसाव्या शतकातील. ती विशेषतः चित्पावन घराण्यांत फोफावली. लेखनाची सवय, छपाईचा खर्च आणि पत्रव्यवहार करणारे कुलमंडळ या तिन्ही गोष्टी ज्यांच्यापाशी होत्या, त्यांचेच वृत्तांत निघाले. वर्तकनगरातील गिरणी कामगाराच्या कुटुंबाचा कुलवृत्तांत ग्रंथालयात मिळत नाही. मात्र तेवढ्यावरून त्याच्या पूर्वजांची नोंद कोठेच नाही, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

अशा कुटुंबांची नोंद प्रामुख्याने महसुली व शालेय दप्तरांत असते. गावच्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर, जन्ममृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४ म्हणजेच कोतवाल बुक, फेरफार वही, कुळ नोंदवही ही त्यांतील महत्त्वाची साधने होत. पडताळणीच्या कायद्यानुसार जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच असते. पुराव्यासाठी अनुसूचित जातींकरिता १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींकरिता २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांकरिता १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक महत्त्वाचे मानले जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ठाकूर जमातीसंबंधीच्या निर्णयात आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नाही असे स्पष्ट केले, त्यामुळे जुन्या कागदांचे मोल अधिकच वाढले. त्याच वर्षी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी सर्वांच्या लक्षात आली.

कागद सापडला तरी प्रश्न संपत नाही. जुन्या रजिस्टरात पुष्कळदा आडनाव नसते, केवळ ‘बाळू रामा’ एवढेच असते. तोच बाळू कारखान्याच्या हजेरीपटावर ‘बाळकृष्ण’ होतो आणि आडनावाच्या जागी गावाचे नाव लावतो. हे दोघे एकच, हे सांगणारे माणूस बहुधा घरातील सर्वांत वृद्ध स्त्री असते. तिच्या सांगण्याला दप्तरी पुराव्याचे मोल नसले, तरी कोणत्या गावच्या कोणत्या शाळेत शोधावे हे तिच्यावाचून कळत नाही. म्हणून आधी आजीचे सांगणे टिपून घ्यावे आणि मग कचेरीची पायरी चढावी, असा क्रम प्रस्तुत लेखकास योग्य वाटतो. प्रत्यक्षात नेमके उलट घडते.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. महालयात पितृत्रयीबरोबर मातृत्रयी आणि मातामहत्रयी यांचाही उच्चार होतो, म्हणजे आई, आजी, पणजी आणि आईचे वडील, आजोबा, पणजोबा यांची नावे विधीने लक्षात ठेवली. कुलवृत्तांतांत सुनांची माहेरची नावे बहुधा असतात, परंतु लेकींची शाखा विवाहापाशी थांबते. प्रतिज्ञापत्रातील वंशावळ तर केवळ पितृवंशाची. स्त्रियांची नावे ज्या एका शासकीय कागदात हमखास भेटतात तो म्हणजे वारसनोंदीचा फेरफार. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलींची नावे वारस म्हणून लागू लागली आणि अनेकदा हक्कसोडपत्राने लगोलग कमीही झाली. सातबाऱ्यावरून ती गेली तरी फेरफारात राहिली आहेत. आत्या आणि तिचे सासर यांचा शोध घेणाऱ्याने तेथूनच आरंभ करावा.

महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी कुटुंबांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. मादागास्करच्या पूर्वेस असलेल्या मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून, विशेषतः कोकणातून, अनेक मराठी मजूर करारावर गेले. प्रत्येकाला क्रमांक देऊन त्याचे नाव, वडिलांचे नाव, गाव व जहाज यांची नोंद झाली. पुढे छायाचित्रेही काढण्यात आली. हे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत असून करारबद्ध स्थलांतराच्या या नोंदींचा २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश झाला. मजुरांवर नियंत्रण ठेवण्यासाठी वसाहतवादी शासनाने केलेली ही नोंद आज त्यांच्या वंशजांना आपल्या मूळ गावापर्यंत पोहोचविते. रत्नागिरीहून ठाण्यास आलेल्या कामगाराची अशी एकत्रित नोंद कोणी केली नाही, कारण तो देश सोडून गेला नव्हता.

वर्तकनगरातील जुन्या इमारतींचा पुनर्विकास होत असताना हा प्रश्न अधिक निकडीचा होतो. घर रिकामे करताना पोटमाळ्यावरील पत्र्याची पेटी प्रथम भंगारात जाते. तीत जुनी शिधापत्रिका, गावाहून आलेली पत्रे, कारखान्याचे ओळखपत्र, लग्नपत्रिका असे कागद असतात. लग्नपत्रिकेचे महत्त्व सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. तीत कुलदैवत, मूळ गाव, निमंत्रक चुलते व मामा यांची नावे एका ठिकाणी मिळतात. महाविद्यालयांतील इतिहास व समाजशास्त्र विभागांनी प्रकल्पकार्यात अशा कागदांची छायाचित्रे आणि वृद्धांच्या मुलाखती घेण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपविल्यास त्यास फारसा खर्च येणार नाही. प्रत्येक व्यक्तीपुढे नाव, टोपणनाव, माहेर, सासर, गाव आणि माहिती सांगणाऱ्याचे नाव एवढ्या नोंदी असाव्यात. ऐकीव आणि कागदोपत्री माहिती वेगळ्या शाईने लिहावी. दत्तकविधान, दुसरा विवाह, जातिबाह्य विवाह यांसारख्या गोष्टी घरातील कोणी सांगू नका म्हटल्यास महाविद्यालयाच्या प्रतीतून वगळाव्यात. कुटुंबाच्या प्रतीत त्या ठेवाव्यात की नाही, हे त्या कुटुंबाने ठरवावे.