आर्क्टिक सुरय: वर्षातून दोन उन्हाळे पाहणारा पक्षी

उजनीच्या पाण्यावर किंवा एखाद्या मोठ्या नदीवर काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा, दुभंगलेल्या शेपटीचा करडा पक्षी घिरट्या घालताना दिसतो. तो नदी सुरय. त्याच्याच कुळातला आर्क्टिक सुरय मात्र आपल्याकडे सहसा दिसणारा पक्षी नाही. त्याचं वर्ष उत्तर ध्रुवाजवळ सुरू होतं आणि दक्षिण ध्रुवाच्या बर्फाला शिवून परत येतं.

वजन साधारण 100 ग्रॅम, पंखांचा विस्तार मात्र पाऊण मीटरच्या आसपास. विणीच्या काळात डोक्यावर काळी टोपी, चोच टोकापर्यंत रक्तासारखी लाल, पाय इतके आखूड की जमिनीवर तो बसल्यासारखाच वाटतो. हिवाळी पिसाऱ्यात कपाळ पांढरं होतं आणि चोच काळी पडते.

ग्रीनलँड, आइसलँड, नॉर्वे, सायबेरिया, अलास्का, कॅनडा आणि ब्रिटनचा उत्तर भाग हे त्याचं विणीचं क्षेत्र. घरटं म्हणजे वाळूत किंवा गवतात केलेला खळगा, त्यात बहुतेक दोन अंडी. नर मासा चोचीत धरून मादीपुढे उडत मिरवतो. जोडी जमवण्याची ही त्याची रीत. घरट्याजवळ कोणी आलं तर तो थेट डोक्यावर चोच मारतो, रक्तही काढतो. इंग्लंडच्या फार्न बेटांवर पर्यटकांना टोपी घालून यायला सांगतात ते उन्हासाठी नव्हे!

पिल्लं तीन-चार आठवड्यांत उडू लागतात आणि लगेच प्रवासाला निघतात. 1982 मध्ये फार्न बेटांवर वळं घातलेलं एक पिल्लू तीन महिन्यांत ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला पोहोचलं होतं. म्हणजे 22 हजार किलोमीटरहून जास्त अंतर.

पण हे पक्षी नेमके कोणत्या वाटेने जातात, हे बरीच वर्षं अंदाजावरच होतं. मग जेमतेम दीड ग्रॅमची उपकरणं पायाला बांधता येऊ लागली. त्यांत सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा नोंदल्या जातात आणि त्यावरून पक्षी कुठे होता ते काढता येतं. ग्रीनलँड आणि आइसलँडमधल्या 11 पक्ष्यांची अशी माहिती 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाचा प्रवास सरासरी 70,900 किलोमीटर निघाला. आधी 40 हजारांच्या आसपासचा आकडा सांगितला जायचा.

वाटही सरळ नव्हती. उत्तर अटलांटिकच्या मधोमध ते जवळपास महिनाभर थांबून खाऊन घेतात. पुढे केप व्हर्दे बेटांजवळ थव्याचे दोन भाग होतात: काही आफ्रिकेच्या किनाऱ्याने, काही ब्राझीलच्या बाजूने. दोघांचं ठिकाण एकच, अंटार्क्टिकाजवळचा वेडेल समुद्र. परतीची वाट इंग्रजी 'एस'सारखी वळणाची आहे. लांब असूनही ती फायद्याची, कारण वारा पाठीशी राहतो. जायला सरासरी 93 दिवस लागले, यायला फक्त 40.

दोन्ही टोकांना उन्हाळाच वाट्याला येत असल्याने इतका सूर्यप्रकाश दुसरा क्वचितच एखादा प्राणी पाहत असेल. काही सुरय तीस वर्षं जगतात. तेवढ्यात चंद्रावर तीनदा जाऊन येण्याइतकं अंतर कापून होतं.

एवढ्या खटाटोपाचा कच्चा दुवा मात्र बोटभर लांबीचा आहे. ब्रिटनच्या किनाऱ्यावर पिल्लांना भरवले जातात ते सँडइल, म्हणजे वाळूत घुसून राहणारे बारीक मासे. सुरय फार खोल बुडी मारू शकत नाही; हे मासे पृष्ठभागाजवळ नसले तर त्याच्यापुढे फारसा पर्याय उरत नाही. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात शेटलंड बेटांजवळ सँडइल घटले आणि तिथल्या वसाहतींत सलग काही वर्षं जवळजवळ एकही पिल्लू जगलं नाही. पाणी तापण्याचाही या माशांना फटका बसतो.

2024 मध्ये उत्तर समुद्राच्या इंग्लिश हद्दीत आणि स्कॉटलंडच्या संपूर्ण सागरी हद्दीत सँडइलची मासेमारी बंद करण्यात आली. युरोपीय संघाने त्याला हरकत घेतली, कारण हे मासे मुख्यतः डेन्मार्कच्या बोटी धरतात. त्यांची बहुतेक भुकटी आणि तेल होतं, जनावरांच्या व मत्स्यशेतीच्या खाद्यासाठी.