नकाशावर नसलेली राज्ये आणि नगरची गादी

युरोपच्या नकाशावर रुरिटानिया नावाचा देश शोधू गेल्यास तो सापडणार नाही. तरी इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्या कित्येक पिढ्यांना त्याची राजधानी, त्याचे किल्ले आणि त्याचे राजघराणे घरच्यासारखे ओळखीचे आहे. अँथनी होप या लंडनच्या बॅरिस्टराने १८९४ साली ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ ही कादंबरी लिहिली, आणि तिच्यामागून अशा काल्पनिक राज्यांची रांगच लागली. १९०१ साली अमेरिकेत जॉर्ज मॅककचनने ‘ग्राऊस्टार्क’ वसविले. होपच्या आधी, १८८५ सालीच, स्टीव्हन्सनने ‘प्रिन्स ऑटो’मध्ये असेच एक चिमुकले जर्मन संस्थान रंगविले होते.

होपचे कथानक थोडक्यात असे. राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री राजाला औषध घातलेली दारू पाजून बेशुद्ध केले जाते. हे कारस्थान गादीवर डोळा असलेल्या त्याच्या सावत्र भावाचे. योगायोगाने तेथे राजासारखाच दिसणारा रासेंडिल नावाचा एक इंग्रज प्रवासी आलेला असतो. निष्ठावंत सरदार त्यालाच मुकुट घालून उभा करतात. खरा राजा झेंडाच्या किल्ल्यात कैद, आणि खोट्या राजावर राजकन्या फ्लाव्हियाचे मन जडलेले! शेवटी राजा सुटतो, रासेंडिल मुकुट परत करतो, आणि फ्लाव्हिया प्रेमापेक्षा कर्तव्य श्रेष्ठ मानून गादीपाशी राहते.

अशा गोष्टींना राज्य लहानच का लागते? मोठ्या राज्यात कायदेमंडळ असते, खाती असतात, वर्तमानपत्रे असतात. तेथे एका चेहऱ्याच्या बदलाने काम भागत नाही. लहान दरबारात मात्र सगळे एकमेकांना ओळखतात. एक पेला, एक किल्ली, एक शपथ, एवढ्यावर गादी इकडची तिकडे होते. शिवाय १८७१ साली जर्मनी एक झाल्यावर तिथल्या छोट्या राजघराण्यांचे महत्त्व ओसरले होते. जे मावळते, त्याच्याविषयी हुरहूर वाटतेच. आपल्यालाही ही गोडी परकी नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ १८६१ सालची, म्हणजे होपच्या पुष्कळ आधीची. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी तर झेंडाची गोष्टच उचलून ‘झिंदेर बंदी’ या बंगाली कादंबरीत हिंदुस्थानातील एका संस्थानात नेऊन बसविली. तिच्यावरून १९६१ साली चित्रपटही निघाला.

परंतु नगरकरांना इतक्या लांब जाण्याचे कारण नाही. या गोष्टींतले एकूण एक सामान आपल्या किल्ल्याभोवती १५९५ साली गोळा झाले होते.

त्या वर्षी दुसरा बुऱ्हाण निजामशहा वारला, आणि त्याचा मुलगा इब्राहिम काही महिन्यांतच विजापूरकरांशी लढताना पडला. इब्राहिमचा मुलगा बहादूर अगदी तान्हा. वजीर मियाँ मंजूने त्याला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात अडकवून अहमद नावाचा मुलगा गादीवर बसविला. हा राजवंशातला नव्हे, असे लवकरच उघड झाले. हबशी सरदारांचा पुढारी इखलासखान याने बहादूरची मागणी केली. किल्लेदार मूल देईना, तेव्हा त्याने नगरच्या बाजारातून बहादूरच्या वयाचे एक पोर आणून तोच वारस म्हणून जाहीर केला! तिसऱ्या पक्षाने पहिल्या बुऱ्हाणचा सत्तरी उलटलेला मुलगा शहा अली पुढे केला. चौथा पक्ष चांदबिबीचा, म्हणजे बहादूरचा. एक गादी आणि चार राजे!

मियाँ मंजूने मोगल शहाजादा मुराद याला मदतीस बोलाविले, मागाहून पस्तावा झाल्यावर स्वतः नगर सोडले, आणि किल्ला चांदबिबीच्या हाती आला. ती हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. बहादूर तिच्या भावाचा नातू. मोगलांच्या सुरुंगांपैकी काही किल्ल्यातल्यांनी निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला खिंडार पडले. तेव्हा बुरखा घेऊन, तलवार उपसून ती स्वतः खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट भरून काढविला. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला. बहादूर गादीवर आला.

कादंबरी असती तर येथे पडदा पडला असता. इतिहास थांबला नाही. १६०० साली मोगल पुन्हा आले. किल्ला टिकणार नाही हे ओळखून चांदबिबी तहाचा विचार करू लागली, तेव्हा ‘ती फितूर झाली’ अशी आवई हमीदखानाने उठविली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार केले. त्यानंतर लवकरच किल्ला पडला. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. चावंडच्या कैदेतून निघालेले मूल दुसऱ्या कैदेत गेले.

काल्पनिक राज्य आणि खरे राज्य यांतला भेद येथे आहे. रासेंडिल राजाचे सोंग स्वतःच्या खुशीने घेतो आणि काम संपताच आगगाडीने घरी जातो. बाजारातून उचललेल्या पोराला सोंगाचा अर्थही कळत नव्हता, आणि त्याला परतीची गाडी नव्हती. फ्लाव्हियाच्या त्यागाने राज्य सावरते. चांदबिबीने प्राण दिले तरी गादी गेली. कादंबरीकार राज्यातून रयत, धान्य, वेढ्यातली उपासमार हे सर्व वगळतो, म्हणून उरलेले इतके गोड लागते.

ही गोडी वाईट नव्हे. धकाधकीच्या दिवसानंतर कोणी दोन तास रुरिटानियात घालविले तर त्याला नावे ठेवू नयेत. मात्र हीच गोडी आपण नकळत इतिहासालाही लावतो. शहा डोंगरावरची जी इमारत सारे ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून दाखवितात, ती वस्तुतः निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. राणीला डोंगरमाथ्यावरचा महाल शोभतो, म्हणून लोकांनी तो तिला देऊन टाकला. तिची खरी जागा खाली, भुईकोट किल्ल्याच्या तटावर आहे. महाल अवश्य पाहावा. पण तिची आठवण काढायची ती तटापाशी.