गाठीच्या पोटातली धग

रुईच्या गाठीला आग लागली की वरची ज्वाळा पाण्याने विझते, पण पोटातली धग दिवसचे दिवस जिवंत राहते. हिंगणघाटात जिनिंग-प्रेसिंगवर राबलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आवळून बांधलेल्या गाठीत हवा जेमतेम पोचते, म्हणून कापूस भडकत नाही आणि विझतही नाही. कर्करोगाची गाठ मला पहिल्यापासून अशीच दिसत आली आहे.

माझा जीव जडला तो टॉमलिन्सन आणि ग्रे या संशोधकांच्या १९५५ च्या निबंधावर. फुप्फुसातल्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी अंतरं मोजली. रक्तापासून मिलिमीटरच्या साधारण सहाव्या हिश्शापलीकडे सगळ्या पेशी मेलेल्या! त्या मृत भागाच्या काठावर ऑक्सिजनअभावी गुदमरत तगलेल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत. त्यांना मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. मोजपट्टी आणि चिकाटी, एवढ्यावर झालेलं हे काम मी विद्यार्थ्यांना दरवर्षी वाचायला लावलं.

पुढचं २०१९ च्या नोबेलने घरोघरी पोचवलं. केलिन, रॅटक्लिफ, सेमेन्झा. पेशी एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन सतत घडवत असते. ऑक्सिजन असला की त्यावर खूण पडते, व्हीएचएल हे दुसरं प्रथिन ती ओळखतं आणि काही मिनिटांत एचआयएफचा निकाल लागतो. ऑक्सिजन घटला की खूण पडत नाही. एचआयएफ केंद्रकात शिरून शेकडो जनुकं जागी करतं. नव्या रक्तवाहिन्या फुटतात, साखर ओढली जाते, पेशी जागा सोडून निघतात. आणि यासाठी जनुकाचं एक अक्षरही बदलावं लागत नाही. कर्करोग म्हणजे निव्वळ जनुकांतले बिघाड, त्यांची यादी केली की काम झालं, असं मानणाऱ्या मंडळींशी माझं म्हणूनच कधी पटलं नाही.

आपल्याकडचा खरा प्रश्न तोंडाच्या कर्करोगाचा. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी १९५३ मध्येच तोंडातल्या सबम्युकस फायब्रोसिस या आजाराचं वर्णन केलं होतं. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा गालात बसतो, सुपारीने अस्तराखाली तंतू साचतात, रक्तवाहिन्या आवळत जातात. गाल आतून पांढुरका पडतो, बोटाला पट्टे लागतात. गाठ व्हायच्या आधीच तिथली ऊती गुदमरते, हे मी सांगत आलो. श्रीलंकेतल्या अभ्यासकांनी २००८ मध्ये अशा तोंडांत एचआयएफ वाढलेलं दाखवलं, त्या दिवशी मी पेढे वाटले.

आता काप निवांत पाहायला वेळ कोणाला आहे? अहवालात जनुकांची पानंच्या पानं असतात. मृत भाग किती, रक्तवाहिन्या किती, यावर एक ओळ नसते. हिमोग्लोबिन आठ, म्हणजे ऑक्सिजन पोचवायलाच रक्त कमी, अशी बाई तशीच किरणांचा शेक घ्यायला जाते. गुदमरलेल्या पेशींनी किरणांना दाद द्यावी म्हणून घशाच्या कर्करोगात किरणांबरोबर निमोरॅझोलसारखी साधी गोळी डेन्मार्कने नेमाने वापरली. आपल्याकडे तिचं नाव फारसं निघत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

मागच्या चैत्रात वणा नदीपलीकडच्या गावातला विशीतला मुलगा आला. तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. बाप उमेदीत प्रेसवर होता. त्याला हातमोजा दिला, म्हटलं, तुम्हीच बोट लावून पाहा. त्याने मुलाच्या गालाच्या आत सावकाश बोट फिरवलं.

"गाठीवरच्या लोखंडी पट्टीवानी लागते जी," तो म्हणाला, आणि बोट तिथंच ठेवून माझ्याकडे पाहत राहिला.