कोयनेचं पाणी नेमकं जातं कुठे?

‘विजेसाठी वापरलं म्हणून पाणी संपतं थोडंच? टर्बाइन फिरवून ते पुढे शेतीलाच मिळतं.’ पुष्कळ धरणांबाबत हे खरं आहे, कोयनेबाबत मात्र बहुतांशी खोटं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेतात. पोफळी-अलोरे भागातल्या भूमिगत वीजगृहांत ते कोसळतं, कोळकेवाडीला अडवून पुन्हा एकदा वापरलं जातं आणि शेवटी चिपळूणकडे वाशिष्ठीत जातं. वीज होते ती पाण्याच्या उंचीवर, आणि शेकडो मीटरचा तसा कडा कोकणाच्याच बाजूला. म्हणून १,९६० मेगावॅटपैकी धरणाच्या पायथ्याचं वीजगृह अवघं ४० मेगावॅटचं. शेताकडे जाणारं पाणी पूर्वेला सोडावं लागतं, आणि साठवण वीज व शेती दोन्हींत मिळून १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडच्या वापराला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली, ती उगाच नव्हे.

‘मग वीज बंद करा, सगळं शेतीला द्या!’ सांगायला सोपं आहे. पूर्वेला सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिसळतं आणि थोडं खाली टेंभू योजना ते उचलून टप्प्याटप्प्याने आटपाडी-सांगोल्याकडे चढवते, तेही विजेच्याच पंपांनी. ते बिल शेतकऱ्यांना इतकं जड की उपसा योजनांसाठी ८१ टक्के शासन आणि १९ टक्के शेतकरी असा वाटा ठरवावा लागला. शिवाय संध्याकाळी मागणी उसळली की काही मिनिटांत सुरू होणारी वीज कोयनेचीच. कोळशाचा थंड संच पेटवायला तास लागतात.

शेतीला दिलं म्हणजे ताटात आलं, असंही नाही. कृष्णाकाठी पाण्याचा मोठा वाटा ऊस पितो, आणि उसाचं आता इंधनही होतं. २०२३ला पाऊस कमी पडला तेव्हा साखर अपुरी पडेल या धास्तीने केंद्राने डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले.

‘कोकणात गेलेलं पाणी वाया’ हे तर घाटावरचं लाडकं वाक्य. वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या या पाण्याला कोकणात ‘अवजल’ म्हणतात. चिपळूण परिसर आणि लोट्याची औद्योगिक वसाहत वाशिष्ठीवर अवलंबून आहे, आणि उन्हाळ्यात तिला वाहतं ठेवतं ते हेच अवजल.

राहिलं जंगल. कोयना अभयारण्य २०१०पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, म्हणून ते वाघांचं, असं लोक समजतात. पण जलाशयाकाठच्या उतारांवरची माती तेच धरून ठेवतं. ती सुटली तर गाळ साठतो शिवसागरात, आणि कात्री लागते ती घाटाच्या दोन्ही बाजूंच्या वाट्याला.