कानस आधी, बंदूक नंतर

हातांची विद्या : लेखांक ९

आयटीआयला फिटर ट्रेड केलेल्या कुणालाही ते पहिले आठवडे आठवत असतील. व्हाइसमध्ये पकडलेला लोखंडाचा तुकडा, हातात कानस, आणि तुकड्याला गुण्या लावून खिडकीच्या उजेडात धरणारे सर. मधून उजेडाची बारीक रेघ दिसली की तुकडा परत व्हाइसमध्ये! अमेरिकेत बंदुका दुरुस्त करायला शिकणाऱ्या पोराची सुरुवातही साधारण अशीच होते. तो आलेला असतो रायफली उघडायला, आणि हातात पडते कानस.

गेल्या आठवड्यात आपण घड्याळजींच्या शाळा पाहिल्या. आज गनस्मिथ. आपल्याकडे लष्करात आणि पोलिसांत या कामाच्या माणसाला ‘आर्मोरर’ म्हणतात. पण त्याचं मुख्य काम सरकारी शस्त्रं चालू ठेवण्याचं. अमेरिकेतला गनस्मिथ गावातल्या शिंप्यासारखा असतो. कुणाची शिकारीची रायफल अडते, कुणाला दस्ता आखूड हवा असतो, कुणाच्या आजोबांच्या दुनळीचा घोडा मोडलेला असतो.

तिथे ही विद्या वर्गात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. घरी परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, असा कायदा 1944 मध्ये झाला आणि हाताला काम देणाऱ्या अभ्यासक्रमांना एकदम विद्यार्थी मिळाले. कॅलिफोर्नियात सुझनव्हिलच्या लासेन कॉलेजने 1945 मध्ये हा अभ्यासक्रम सुरू केला. 1947 मध्ये कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड या जुन्या कोळसाखाणींच्या गावात तो आला. नेहमीच्या काडतुसांचा आकार बदलून त्यांची ताकद वाढवण्यासाठी नावाजलेले पी. ओ. ॲक्ली तिथे सुरुवातीच्या काळात शिकवत. त्याच वर्षी डेन्व्हरजवळ कोलोरॅडो स्कूल ऑफ ट्रेड्स निघाली, आणि 1949 मध्ये पिट्सबर्गला पेनसिल्व्हेनिया गनस्मिथ स्कूल.

आजही कॉलेजातली दोन वर्षांची पदवी किंवा खासगी शाळेतला वर्ष-सव्वा वर्षाचा अभ्यासक्रम, हे दोन राजरस्ते आहेत. बंदूक उघडून जोडणं हा त्यातला छोटा भाग. बाकी सगळं लेथ, मिलिंग, वेल्डिंग, पोलादाला पाणी देणं, अक्रोडाच्या लाकडातून दस्ता कोरणं. नळीला काळा-निळा रंग चढवायची एक जुनी पद्धत तर गंजाचीच आहे. नळीवर मुद्दाम गंज आणायचा, ती पाण्यात उकळायची, तारेच्या ब्रशने हलकेच घासायची, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. लोखंडाचा शत्रूच इथे कामाला लावलेला असतो.

आडरस्तेही आहेत. उन्हाळ्यात आठवड्याभराचे वर्ग भरतात. घरबसल्या शिकवणाऱ्या संस्था आहेत. कंपन्या आपापल्या शस्त्राचा कोर्स घेतात. ग्लॉकचा आर्मोरर कोर्स एका दिवसात उरकतो. तो खोटा नाही, पण त्यात शिकायचं असतं ते झिजलेला सुटा भाग काढून नवा बसवायला. जो भाग बाजारात मिळतच नाही, तो पोलादाच्या तुकड्यातून घडवायला एका दिवसात कुणी शिकत नाही. म्हणून प्रवेश घेताना प्रमाणपत्राच्या आधी एकच प्रश्न विचारावा : व्हाइससमोर उभं राहायला किती तास मिळणार?

युरोपात हे तास सढळ हाताने मिळतात. ऑस्ट्रियातल्या फेर्लाख गावातली शाळा 1878 ची, बेल्जियममधल्या लिएजची 1897 ची. जर्मनीत तीन वर्षं उमेदवारी करावी लागते. काही काळ शाळा, बाकीचा उस्तादाच्या हाताखाली.

इतकं शिकून शेवटी काय साधतं, ते एका तपासणीत पाहू. रायफलीत काडतूस बसल्यावर त्याच्या मागे बोल्ट बंद होतो. तिथली जागा किती असावी हे ठरलेलं असतं, आणि ते पाहायला पोलादाची मापं असतात : ‘गो’ आणि ‘नो-गो’. गो आत ठेवला तर बोल्ट बंद व्हायला हवा. नो-गो ठेवला तर होता कामा नये. .308 विंचेस्टर काडतुसासाठी या दोघांतला फरक इंचाच्या चार हजारांश भागाचा, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढा. बोल्ट बोटाच्या टोकाने अलगद ढकलायचा. जोर लावला तर माप खोटं सांगतं. नो-गोवरही बंद झाला, तर तिसरं माप लावायचं, ‘फील्ड’. त्यावरही बंद झाला, तर रायफल वापरातून बाद. कारण जागा जास्त असली की पितळी काडतूस ताणून फाटू शकतं आणि तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो.

व्हाइसनंतर कायदा. अमेरिकेत या धंद्याला केंद्र सरकारचा परवाना लागतो. सुरुवातीच्या तीन वर्षांची फी 200 डॉलर. गिऱ्हाइकाची बंदूक रात्रभर दुकानात राहणार असेल तर नोंदवहीत चढवावी लागते. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याने बनवण्याबरोबर दुरुस्तीलाही परवाना सक्तीचा केला आहे. फिटरचं प्रमाणपत्र घेऊन आपल्याला दुकानाची पाटी लावता येत नाही. आपल्या मुलांसाठी सरळ वाटा तीन : सैन्यदलाची ईएमई शाखा, पोलीस दलातला आर्मोरर विभाग, किंवा आयुध निर्माणीतली अप्रेंटिसशिप. तिन्हीकडे कानस भेटणारच.

आजोबांची बंदूक घेऊन नातू गनस्मिथकडे येतो आणि म्हणतो, “एकदाच वाजवायची आहे, बघा ना जमतंय का.” तिसऱ्या मापावर बोल्ट बंद झालेला असतो. दुरुस्तीचे पैसे गल्ल्यात पडणार असतात आणि नातू आशेने बघत असतो. अशा वेळी बंदूक परत त्याच्या हातात देऊन “ही भिंतीवरच लावा” म्हणायचं असतं. कागदाएवढ्या फरकावर इतकं ठाम बोलायचा अधिकार गनस्मिथला मिळतो तो उजेडाची रेघ दिसली म्हणून तुकडा पुन्हा पुन्हा घासला, त्या दिवसांमुळे.

(पुढील लेखांक : क्रेमोनातली व्हायोलिनची शाळा)