मूतखड्याची कळ आणि तीन औषधे

मूतखड्याची कळ ज्याने सोसली, त्याला तिचे वर्णन सांगावयास नको. खडा मूत्रवाहिनीत अडकला की मागे मूत्र तुंबते, मूत्रपिंड ताणले जाते. आणि प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये मूत्राची आवक वाढवून व नळी आवळून त्यात भर घालतात. अशा वेळी सर्वांत जालीम ते मॉर्फिन, अशी आपली समजूत. अफूपासून काढलेले ते द्रव्य मेंदूला होणारी वेदनेची जाणीव बोथट करते; खड्यामागचा ताण मात्र तसाच राहतो. डायक्लोफेनॅक प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यासच अटकाव करते. कतारमधील दोहा येथे तातडीच्या विभागात १,६४५ रुग्णांवर केलेली तुलना २०१६ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्या तासात वेदना निम्म्याने उतरली असे रुग्ण डायक्लोफेनॅकच्या सुईने शेकडा ६८, शिरेतून दिलेल्या पॅरासिटामॉलने ६६ आणि मॉर्फिनने ६१ निघाले. तापावर आपण घेतो तेच हे पॅरासिटामॉल! तथापि डायक्लोफेनॅक सर्वांना चालत नाही. मूत्रपिंडे दुबळी असलेल्यांना, जठरव्रण असणाऱ्यांना आणि गर्भवतींना ते देण्याचे टाळतात. आणि कळीबरोबर थंडीताप असेल, तर घरी गोळ्या घेत न बसता रुग्णालय गाठावे. कोंडलेल्या मूत्रात जंतू माजले, तर मूत्रपिंडच काय, जीवही धोक्यात येतो.