सार्जंट लुईसची ड्यूटी

‘इन्स्पेक्टर मोर्स’ ही मालिका ब्रिटनच्या आयटीव्हीवर 1987 ते 2000 या काळात आली. पाटीवर नाव साहेबांचं, राबणारा मात्र हाताखालचा सार्जंट रॉबी लुईस. निरनिराळ्या भागांतून वेचून त्याचा एक दिवस लावला, तर तो साधारण असा.

सकाळी 8. घरात बायको, मुलं, संसार. बोलण्याला न्यूकॅसलकडचा हेल. कॉलिन डेक्स्टरच्या मूळ कादंबऱ्यांत लुईस वेल्सचा आहे आणि मोर्सपेक्षा वयानं थोडा मोठा. पडद्यावर केव्हिन व्हेटली आला आणि तो उत्तरेचा, तरुण झाला. मला हा बदल मुळापेक्षा सरस वाटतो. वडीलधाऱ्यावर मोर्सचं असं खेकसणं आपल्याला बघवलं नसतं. फोन वाजतो, नाश्ता तसाच राहतो.

सकाळी 9. ऑक्सफर्डच्या एखाद्या कॉलेजात प्रेत सापडलेलं असतं. मोर्स लाल जग्वार मार्क टू मधून उतरतो. खुनाचा तपास हा त्याचा पेशा, पण रक्त बघवत नाही. तो तोंड फिरवतो, डॉक्टर मॅक्स त्याची खिल्ली उडवतो, आणि प्रेत नीट बघून ठेवायचं काम आपोआप लुईसकडे येतं.

सकाळी 11. मोर्स प्राध्यापकांशी बोलत बसतो. तो स्वतः इथलाच विद्यार्थी, पदवी न घेता बाहेर पडलेला. ते शल्य मोर्स साकारणाऱ्या जॉन थॉच्या चेहऱ्यावर न बोलता दिसतं. विद्वान मंडळी लुईसला खिजगणतीत धरत नाहीत. त्याचं काही बिघडत नाही. फाटकावरचा पोर्टर, खोल्या आवरणाऱ्या बाया त्याच्याशी मोकळेपणानं बोलतात, आणि कोण किती वाजता आलं-गेलं हे त्यांनाच ठाऊक असतं.

दुपारी 12.30. पब. मोर्सचा सिद्धांत असा, की बिअर हे विचाराचं इंधन आहे. पैसे लुईस देतो आणि स्वतः संत्र्याचा रस पितो. मोर्स शब्दकोडं उघडतो. डेक्स्टर स्वतः कोड्यांच्या स्पर्धा जिंकणारा; मोर्स आणि लुईस ही दोन्ही नावं त्यानं स्पर्धेतल्या कोडेबहाद्दरांवरूनच घेतली. एक कथा जाहिरातींसकट दोन तासांत सांगायची, ही त्या काळी टीव्हीवर चैनच होती. या टेबलाशी रेंगाळायला सवड मिळते ती त्यामुळेच. हल्लीच्या घाईत हा प्रसंग पहिला कापला गेला असता.

दुपारी 3. मोर्सचा संशय चुकीच्या माणसावर. हे बहुतेक भागांत होतं. तो हुशार आहे, पण त्याला सरळ गोष्ट सुचत नाही. मग लुईस घरगुती काहीतरी बोलून जातो, मुलांच्या शाळेबद्दल किंवा बायकोच्या एखाद्या सवयीबद्दल. मोर्स वाक्याच्या मध्येच थांबतो, डोळे विस्फारतो आणि गाडीकडे निघतो. का, ते सांगत नाही. ‘सर, कुठे?’ असं विचारत लुईस मागून.

संध्याकाळी 5. चीफ सुपरिंटेंडंट स्ट्रेंजना अहवाल हवा असतो. तो लुईस लिहितो. मोर्स त्यातलं शुद्धलेखन तपासतो.

संध्याकाळी 7. साहेब गाण्याच्या कार्यक्रमाला, बहुधा अशा बाईबरोबर जिचं नाव संशयितांत असायला हवं. लुईसची अजून दोन घरं फिरायची बाकी.

रात्री 11. मोर्सच्या घरी वाग्नरचं संगीत. लुईसच्या घरी पुन्हा फोन. इतकी वर्षं बरोबर काढूनही साहेबांचं पहिलं नाव त्याला 1997 च्या भागात कळतं : एन्डेव्हर.

2006 मध्ये लुईस इन्स्पेक्टर म्हणून स्वतःच्या मालिकेत आला. हाताखाली सार्जंट हॅथवे, केंब्रिजचा आणि एके काळी पाद्री व्हायला निघालेला. म्हणजे जास्त शिकलेला माणूस पुन्हा शेजारी आलाच. ती मालिका 2015 पर्यंत चालली. मोर्सचे 33 भाग झाले होते, लुईसचेही 33 च झाले.